स्कूटर कोण चालवत होतं?

माझा डावा पाय मोडला तेव्हा मी स्कूटरच्या मागच्या सीटवर बसलो होतो. हे साधं वाक्य शपथेवर सांगायला मला दीड वर्ष लागलं.

पुढच्या सीटवर मंदा होती. मंदा म्हणजे माझी बायको. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिने आठ दिवसांत स्कूटर शिकून घेतली, परीक्षा दिली, लायसन्स काढलं आणि स्वतःच्या नावावर गाडीही घेतली. मला सायकलच्या पुढचं काही चालवता येत नाही. प्रयत्न केला नाही असं नाही. तरुणपणी एका मित्राच्या मोटारसायकलवर बसलो आणि थेट आमच्याच वारूळवाडीतल्या एका गोठ्यात शिरलो. तिथल्या गाईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर पुन्हा धीर झाला नाही. नारायणगावच्या एका पतसंस्थेत मी कारकून आहे, आणि घरून तिथे सायकलवर जातो-येतो. (सायकल तब्येतीला चांगली असते, असं मी लोकांना सांगतो.)

त्या दिवशी आम्ही डिंभ्याला निघालो होतो. मंदाचा धाकटा भाऊ पोपट तिथे असतो, त्याच्या मुलीचा साखरपुडा होता. तिकडे जाणाऱ्या एसटीचा भरवसा नाही, म्हणून मंदा म्हणाली, गाडीवर जाऊ. ती पुढे, मी मागे, आणि माझ्या मांडीवर बुंदीच्या लाडवांचा मोठा स्टीलचा डबा. दोन्ही हातांनी डबा धरल्यामुळे मला दुसरं काही धरता येत नव्हतं. मंदाने एकदा मागे न बघता विचारलं, नीट बसलात ना? मी म्हटलं, डबा नीट आहे.

मंचर सोडून घोडेगावच्या रस्त्याला लागलो. पुढे एका रोपवाटिकेच्या फाटकातून रोपांचे ट्रे भरलेला पिकअप मागे-मागे येत बाहेर पडला. चालवणाऱ्याने मागे बघितलं नव्हतं. मंदाने ब्रेक लावला, हँडल वळवलं, तरी पिकअपचा कोपरा आम्हाला लागलाच. स्कूटर डाव्या बाजूला कलली. मंदाने एक पाय टेकला आणि ती उभी राहिली. साडीला मातीसुद्धा लागली नाही. खाली स्कूटर, स्कूटरखाली मी, आणि माझ्यावर लाडू. ऊस मोडल्यासारखा आवाज मला ऐकू आला, पण तो माझ्यातून आला हे कळायला थोडा वेळ लागला.

पिकअपचा मालक स्वतःच गाडी चालवत होता. गोरख त्याचं नाव. तो धावत आला, मला उचललं, पाणी पाजलं, माझ्या छातीवरची बुंदी झटकली. भला माणूस होता. एवढ्यात गर्दी जमली, आणि त्या गर्दीत आमच्या पतसंस्थेचा एक खातेदार निघाला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मंदाकडे पाहिलं आणि विचारलं, “भाऊसाहेब, वैनी चालवत व्हत्या का काय?”

त्याने विचारलं ते सरळच असेल. पण गर्दीतले दोघंतिघं हसले, किंवा मला तसं वाटलं.

“नाही,” मी म्हणालो. “मीच चालवत होतो.”

त्या क्षणाचा मी नंतर खूप विचार केला. माणसाचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं आहे, अंगावर तूप आणि पाक आहे, आणि त्याला काळजी कशाची, तर लोक काय म्हणतील याची. मंदा माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही काही बोलणार. पण ती रस्त्यावरचे लाडू गोळा करायला लागली.

एकदा बोललेलं खोटं मग मागे लागलं. मंचरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं? खातेदार सोबतच आला होता, त्यामुळे मी पुन्हा म्हणालो, मी. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. तासाभराने हवालदार आले. त्यांनीही तेच विचारलं, मीही तेच सांगितलं. मग ते म्हणाले, “लायसन्स?”

“घरी आहे,” मी म्हणालो. (हे अगदीच खोटं नव्हतं. आमच्या घरात एक लायसन्स होतं. त्यावर फोटो मंदाचा होता, एवढंच.)

पायात सळई घातली. मी महिनाभर अंथरुणाला खिळलो, आणि तेव्हा एक विचित्र गोष्ट घडली. एका दुपारी मंदा उशाशी येऊन बसली. माझं पांघरूण नीट केलं. मग म्हणाली, “मला पोलिसात जावं लागू नये म्हनून तुमी खोटं बोललात. समजतं मला.”

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं म्हणूनच उघडलं होतं. पण तिच्या हातात शिऱ्याची वाटी होती आणि तिने पहिला चमचा पुढे केला. मी तोंड मिटलं ते शिऱ्यावर.

संसाराला सव्वीस वर्षं झाली होती. त्या काळात मी मंदासाठी केलेल्या मोठ्या गोष्टींची यादी करायची म्हटली असती, तर कागद कोराच राहिला असता. आणि आता एकदम हे! तिने ही हकिकत सगळ्या आळीला सांगितली. बायका मला बघायला येऊ लागल्या. एकीने तर नवऱ्यालाच सोबत आणलं आणि माझ्या प्लास्टरकडे बोट दाखवून त्याला म्हणाली, बघा, याला म्हणतात माणूस. तो बिचारा खाली मान घालून उभा होता. मीही खाली मान घातली. त्या दोघांना वाटलं, विनय आहे.

पंधरा-वीस दिवसांनी गोरख केळी घेऊन घरी आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, भाऊ, पोलिसात केस वाढली तर गाडी अडकंल, आणि माझं सगळं त्या गाडीवर हाय. माझ्याविरुद्ध तक्रार नाही असं लिहून द्या, तुमच्या दवाखान्याचं गाडीच्या विम्यातनं होऊन जाईल, फुल थर्ड पार्टी हाय.

मी विचारलं, थर्ड पार्टी म्हणजे नक्की कोण?

गोरखने बोटं मोजली. “मी एक, इमा कंपनी दोन, मग तुमी तीन.”

“मग मी कितवी?” मंदाने विचारलं.

ते कुणालाच माहीत नव्हतं. (पुढे कोर्टाने सांगितलं.)

गोरखने कागद लिहूनच आणला होता. त्यात होतं, “मला गोरखची काय तक्रार नाय. पाय माजा मीच पडलो.” आता इथे माझा स्वभाव सांगायला हवा. वारूळवाडीत कुणालाही अर्ज करायचा असला, फॉर्म भरायचा असला, तर ते माझ्याकडे येतात. अशुद्ध मजकूर बघितला की माझा हात शिवशिवतो. मी मंदाला पेन आणायला सांगितलं, उशीला टेकून बसलो, आणि तो कागद बाजूला सारून नव्याने लिहायला घेतला. ‘सदर अपघातास श्री. गोरख हे कोणत्याही प्रकारे जबाबदार नसून माझी त्यांच्याविरुद्ध काही एक तक्रार नाही.’ इथे मला वाटलं, वाक्य अपुरं आहे. म्हणून पुढे घातलं, ‘व भविष्यातही राहणार नाही.’ मग शेवट केला, ‘सबब हे निवेदन मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर असताना लिहून देत आहे.’ खाली झोकदार सही केली, तारीख टाकली. आजारपणात इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

गोरखने कागद वाचला, आणि त्याचे डोळे भरून आले. माझ्या पाया पडला. (उजव्या.)

मग मी विम्याची वाट बघत बसलो. माझ्या कल्पनेप्रमाणे अपघात झाला की विमा कंपनीला आपोआप कळतं आणि ती विचारपूस करायला येते. कुणी आलं नाही. मी कंपनीला तीन पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं इंग्रजीत, एका ओळीचं. त्याचा अर्थ असा निघाला की नुकसानभरपाईसाठी कोर्टात अर्ज करा. मी पुन्हा पत्र लिहिलं की आपल्या ओळीचा अर्थ कळवावा. त्याला उत्तर आलं नाही.

दरम्यान पोपट भेटायला आला. आल्याआल्या म्हणाला, “दाजी, वकील केला का न्हाई?”

मी म्हटलं, वकील कशाला? मला अर्ज लिहिता येतो.

पोपट स्वतःला विम्यातला जाणकार समजत असे. त्याचा सगळा अनुभव एका म्हशीवर उभा होता. ती वारली तेव्हा त्याला विमा मिळाला होता. त्याने सांगितलं की पुरावा लागतो. म्हशीच्या वेळी बिल्ल्यासकट कान कापून द्यावा लागला होता. मग तो माझ्या पायाकडे विचारपूर्वक बघत राहिला. मी पाय पांघरुणात घेतला.

असे चार महिने गेले. मी वॉकर धरून चालायला लागलो होतो, पण गुडघा पुरता वाकत नव्हता. कामावर अजून जाता येत नव्हतं. दवाखान्याचा खर्च मंदाने कसा भागवला ते ती सांगत नव्हती, आणि मी विचारत नव्हतो, पण तिच्या हातातल्या बांगड्या आता काचेच्या होत्या. हे मला एका सकाळी चहा घेताना दिसलं. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, कंपनीला अजून एक सविस्तर पत्र लिहितो.

“आता वकिलाकडं जायचं,” मंदा म्हणाली.

मी म्हणालो, कागदपत्रांचं मला कळतं, वकिलाची गरज नाही.

“पाय डाक्टरनं बसवला का तुमी?”

दुसऱ्याच दिवशी आम्ही मंचरला गेलो.

वकीलबाईंचं आडनाव कटारिया. पणजोबा मारवाडातून आलेले, खाली वडिलांचं साड्यांचं दुकान आणि वर त्यांचं ऑफिस. अपघातात हातपाय मोडलेल्यांचे दावे त्या चालवतात, आणि त्यांच्या ऑफिसला अठरा पायऱ्या आहेत. मी त्या सगळ्या मोजल्या. वर पोचलो तेव्हा मला नुकसानभरपाई खरंच मिळाली पाहिजे असं पहिल्यांदा मनापासून वाटलं.

बाई तिशीच्या होत्या, आणि मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ बोलत होत्या. त्यांनी आधी अपघाताची तारीख विचारली, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. म्हणाल्या, असा अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा असतो आणि तुमचा पाचवा लागलाय. मग एकेक कागद बघायला लागल्या. माझ्या निवेदनाची झेरॉक्स हातात आली तशा थांबल्या. दोनदा वाचलं.

“हे चांगलंच पक्कं केलंय,” त्या म्हणाल्या. “पळवाट ठेवलेली नाही. समोरच्यांनी वकील दिला होता का?”

मी म्हटलं, नाही, मीच लिहिलं.

त्यांनी झेरॉक्स खाली ठेवली. “काका, तुम्ही स्वतःच्या विरुद्ध लिहिलंय हे.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. गोरखची विमा कंपनी पैसे देणार ते गोरखची चूक होती म्हणून. आणि मी लिहून दिलं होतं की गोरखची चूक नव्हती, नाही, आणि भविष्यातही नसेल. अशा कागदाला कोर्ट सहसा फार वजन देत नाही, कारण मला बदल्यात काही मिळालेलं नव्हतं, पण समोरचा वकील तो झेंड्यासारखा फडकवणार. मी विचारलं, मग वकिलाकडे यायचं तरी कधी? म्हणाल्या, खरचटलं, आरसा फुटला, तर आपापसात मिटवा, वकील नको. पण हाड मोडलं, दवाखान्यात राहावं लागलं, आणि कुणी सहीसाठी कागद पुढे केला, तर सही करायच्या आधी या. तुम्ही सही केली, ती सुधारून केली, आणि मग आलात.

“आता सांगा,” त्या म्हणाल्या, “स्कूटर कोण चालवत होतं?”

“मी,” मंदा म्हणाली.

वकीलबाईंनी दवाखान्याचा कागद बघितला, पोलिसांचा बघितला. दोन्हीकडे मी चालवत होतो. मग मंदाने मोठ्या अभिमानाने सांगितलं की हे माझ्यासाठी खोटं बोलले.

मी खिडकीतून बाहेर बघत होतो. वकीलबाई म्हणाल्या की खरं तेच सांगायचं, आणि खरं तेच आपल्या फायद्याचं आहे. मागे बसलेल्या माणसाला चुकीचा वाटा चिकटत नाही. चूक पिकअपची असो, स्कूटरची असो, दोघांची असो, मागच्याची ती नाहीच. (सव्वीस वर्षांच्या संसारात चूक माझी नाही असं मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. मी त्यांना ते परत सांगायला लावलं.) पण कागदावर मी मागे नव्हतोच. कागदावर मी लायसन्स नसलेला चालक होतो. आता पुरवणी जबाब द्यावा लागणार, आणि कोर्टात कुणीतरी विचारणारच की आधी खोटं का बोललात.

“बायकोला वाचवायला म्हणालात, तर त्यांचा वकील म्हणेल, म्हणजे चूक बायकोची होती,” त्या म्हणाल्या. “दुसरं काही कारण होतं का, काका?”

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मंदाच्या डोळ्यांत चार महिन्यांचा शिरा होता.

“आठवून सांगतो,” मी म्हणालो.

अर्ज तयार झाला. वकीलबाई म्हणाल्या की दोन्ही गाड्यांचे मालक आणि दोन्ही विमा कंपन्या सामनेवाले म्हणून घालाव्या लागतील. स्कूटरच्या मालकाला नुसतं नावाला घालायचं. मी आणि मंदाने माना डोलावल्या. स्कूटरचा मालक म्हणजे कोण, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. एकदा हात पोळल्यामुळे मी या वेळी मजकुरात एक अक्षरही बदललं नाही. तो वाचलाही नाही.

दोन महिन्यांनी पोस्टमन मंदाच्या नावाचं पाकीट घेऊन आला. कोर्टाचा शिक्का, तिचं पूर्ण नाव. ती सही करताना खुशीत होती. उंबऱ्यातच उभी राहून वाचायला लागली, मग आत आली, चष्मा लावला आणि पुन्हा वाचलं.

“अर्जदार, तुमी,” ती म्हणाली. “सामनेवाला क्रमांक तीन, मी. म्हंजी तुमी माझ्यावर केस केली.”

मी घाईघाईने सांगितलं, नावाला आहे, फक्त नावाला.

“नाव माझंच हाय,” ती म्हणाली.

त्या दिवशी अर्जदाराला जेवण मिळालं, पण कुणी वाढलं नाही. पातेली झाकून ठेवली होती, वॉकर धरून जाऊन घ्यायचं. मंदाने पोपटला फोन केला. तो आला, आणि दरवेळी माझ्या पलंगावर बसणारा हा माणूस समोर तिच्या शेजारी जाऊन बसला. मी काही बोललो की तो तिच्या कानात विचारायचा, मग मला सांगायचा. शेवटी त्याने आक्कालाही वकील पाहिजे असा निर्णय दिला, आणि बहीणभाऊ स्कूटरवर बसून मंचरला गेले. तेही कटारिया वकीलबाईंकडेच, कारण दुसरा वकील त्यांना माहीत नव्हता.

वकीलबाईंनी तिला चहा दिला आणि सांगितलं की मी काकांची वकील आहे, तुमची होऊ शकत नाही. हवा तर दुसरा वकील करा. पण तुमच्याकडून कुणाला काही नकोय, तुमच्या गाडीचाही विमा आहे, तुमची बाजू ती कंपनी बघेल. तुम्ही फक्त या आणि जे झालं ते सांगा. मंदा परत आली तेव्हा निवळली होती. रात्री तिने मला वाढलं. वाढताना म्हणाली की काही झालं तरी पोलिसापुढं माझ्यासाठी खोटं बोललेला माणूस वाईट न्हाई. मी अजून एक भाकरी मागून घेतली.

खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यानंतर दहा-अकरा महिने होते. रोज सकाळी मी ठरवायचो की आज सांगू, आणि रोज काहीतरी बरं शिजलेलं असायचं.

शेवटी राजगुरुनगरच्या कोर्टात माझी साक्ष लागली. मंदा बाकावर बसली होती, साखरपुड्याला निघताना नेसलेलीच साडी नेसून. गोरखच्या विमा कंपनीचे वकील वयस्कर होते, आवाज मऊ. त्यांनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली. तिथेच मला धोका कळायला हवा होता.

डॉक्टरांना काय सांगितलं? मी सांगितलं. पोलिसांना? तेही सांगितलं. मग त्यांनी माझं निवेदन काढलं आणि भर कोर्टात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मी खोटं बोलणार नाही, क्षणभर मला आनंद झाला. स्वल्पविराम जिथे होते तिथेच ते थांबत होते.

“अक्षर तुमचं?”

“हो.”

“भाषा?”

“तीही माझीच.”

“मग त्या दिवशी खोटं बोललात, की आज बोलताय?”

“त्या दिवशी.”

“का?”

कोर्टात पंखा फिरत होता. बायकोला वाचवायला, एवढं म्हटलं असतं तर घरात माझी इज्जत राहिली असती आणि दाव्यात चूक मंदावर आली असती. हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी दाव्याचा विचार मनात नव्हता. मंदा मान थोडी तिरकी करून ऐकत होती, आपलं कौतुक होणार आहे हे माहीत असलेलं माणूस जसं बसतं तशी. आणि मी नुकतीच शपथ घेतली होती.

“लाज वाटली,” मी म्हणालो.

“कशाची?”

“बायको गाडी चालवतेय आणि मी मागे लाडवांचा डबा धरून बसलोय, याची. माणसं जमली होती. ओळखीचा एकजण होता.”

टाइप करणाऱ्या बाई थांबल्या. त्यांनी जज्जसाहेबांकडे बघून विचारलं, साहेब, डबा घ्यायचा का? साहेब म्हणाले, घ्या. तो डबा आज सरकारी दप्तरात आहे.

मी मंदाकडे बघितलं नाही. नंतर तिची साक्ष झाली, ती पाच मिनिटांत संपली. पिकअप मागं आला, बघितलं न्हाई, मी ब्रेक लावला, कोपरा लागला, हे पडले. वेग किती होता, असं वकिलांनी विचारलं. ती म्हणाली, लाडू फुटू नये एवढा. मग ते मऊ आवाजात म्हणाले, तुमचे पती तुम्हाला वाचवायला खोटं बोलले, असं तुम्हालाही वाटत होतं ना?

“व्हय,” मंदा म्हणाली. “दहा मिनिटांपूर्वीपर्यंत.”

आम्ही बाहेर आलो. तिने स्कूटर स्टँडवरून काढली, सुरू केली. मी शेजारी उभा राहिलो. बसावं की एसटी बघावी, हे मला ठरवता येईना.

“बसा,” ती म्हणाली. “का कोणी बघतंय?”

मी बसलो. पुणे-नाशिक रस्त्यावरून ट्रक जात होते, आणि मला त्यांच्यापेक्षा तिच्या पाठीची जास्त भीती वाटत होती. मंचरपर्यंत एक शब्द नाही. मंचर मागे पडलं आणि ती पुढेच बघत म्हणाली, “एवढी लाज वाटत व्हती तर सांगायचं. डबा मी पुढं पायापाशी ठेवला असता.”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने झटकला नाही. (दोन्ही हात हँडलवर होते, हेही खरं.)

चार महिन्यांनी निकाल लागला. अर्ज मंजूर झाला. दवाखान्याचा खर्च आणि बुडालेला पगार गोरखच्या विमा कंपनीने द्यायचा ठरला. स्कूटरवर आणि मंदावर काहीच आलं नाही. गोरखने फोन करून सांगितलं, भाऊ, बरं झालं, तुमी लिहिलेलं कोर्टानं ऐकलं न्हाई. मंदाच्या हातात पुन्हा सोन्याच्या बांगड्या आल्या.

वकीलबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून निकाल वाचून दाखवला. त्यात चौदावा परिच्छेद असा होता की अर्जदाराने वेळोवेळी परस्परविरोधी विधाने केलेली असल्याने त्याच्या एकट्याच्या सांगण्यावर विसंबून राहणे उचित नाही. मात्र सामनेवाला क्रमांक तीन हिची साक्ष सरळ, नैसर्गिक व विश्वासार्ह असून तीवरून अर्जदाराचे म्हणणे सिद्ध होते.

मंदा म्हणाली, परत वाचा. वकीलबाईंनी परत वाचलं. मंदाने पर्समधून पेन काढून त्याखाली रेघ मारली.

ती खाली दुकानात साड्या बघायला गेली तेव्हा मी वकीलबाईंना हळूच विचारलं, सगळ्या निकालाविरुद्ध नको, पण या एका परिच्छेदाविरुद्ध अपील करता येतं का?

“बघता येईल,” त्या म्हणाल्या. “पण काका, तिथेही सामनेवाल्या काकूच असतील.”

मी अपील केलं नाही. मुदत केव्हाच संपली. आता आमच्या घरात वाद होत नाहीत. मी काही सांगायला तोंड उघडलं, की मंदा हातातलं काम न सोडता एवढंच म्हणते, “परिच्छेद चौदा.”